नांगर दिसतो, खुरपं दिसत नाही

प्रश्न : शेतात बायाच जास्त राबतात असं सगळेच म्हणतात. मग काही देशांच्या आकडेवारीत त्या एवढ्या कमी कशा?

उत्तर : जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये दिलेला अंदाज असा : विकसनशील देशांत शेतीतल्या श्रमिकांपैकी सरासरी ४३ टक्के स्त्रिया, लॅटिन अमेरिकेत जेमतेम २०, पूर्व आफ्रिकेत निम्म्याच्या आसपास. अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरूप यांनी १९७० मध्येच याचा संबंध अवजारांशी जोडला होता. कुदळीची शेती तिथे बाई शेतात, नांगर आला तिथे पुरुष पुढे.

मला हे अर्धंच पटतं. नांगरट थोड्या दिवसांत उरकते, खुरपणी मात्र पीक वाढेपर्यंत पाठ सोडत नाही. उकिडवं बसून, एका हाताने रोप सांभाळत, दुसऱ्या हाताने तण उपटत ओळीमागून ओळ सरकायचं. पाहणीवाला विचारतो, ‘‘मुख्य काम काय?’’ ती सांगते, ‘‘घरकाम.’’ झाली नोंद! (कित्येकदा तर नवराच परस्पर सांगून मोकळा होतो.) घरच्या शेतातल्या बिनमजुरीच्या कामाबद्दल वेगळं विचारलं, की तिथले आकडे चढतात.

मजुरीवर गेली तरी फरक आहेच : याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार शेतमजुरीत पुरुषाला १०० मिळतात तिथे बाईला ८२.