वूकॉमर्सवर (वर्डप्रेसमधलं ऑनलाइन दुकानाचं प्लगइन) एकाच कुर्तीचे ६ रंग, ५ साइज, २ प्रकारच्या बाह्या, तर ६० प्रॉडक्ट टाकू की एकच?

एकच व्हेरिएबल प्रॉडक्ट (ज्यात रंग, साइज वगैरे निवडता येतं) टाका, ६० वेगळे केलेत तर फोटो बदलायलाही ६० ठिकाणी फिराल. ज्याचा स्टॉक वेगळा मोजता तेवढंच व्हेरिएशन (रंग-साइज-बाहीचं एकेक कॉम्बिनेशन) करा, गिफ्ट पॅकिंग वगैरे ॲड-ऑनमध्ये (वरून जोडायच्या जादा पर्यायात), नाहीतर नुसत्या हो-नाहीने ६० चे १२० होतात (मी केलंय हे, निस्तरायला अख्खा रविवार गेला). एसकेयू (मालाचा कोड) बघताक्षणी कळेल असा ठेवा, केआर१२-लाल-एल-फुल, आणि स्टॉक सीएसव्हीने (तक्त्याच्या साध्या फाइलने) भरा. फक्त ३० च्या वर व्हेरिएशन गेली की वूकॉमर्स सगळी आधी लोड करत नाही, त्यामुळे नसलेलं कॉम्बिनेशन आधीच गाळलं जात नाही, गिऱ्हाइकाने सगळं निवडल्यावर नाही म्हणतं. ही मर्यादा फिल्टरने (छोट्याशा कोडने) वाढवता येते, पण होस्टिंग स्वस्तातलं असेल तर पेज रखडेल.