शास्त्रीय, नाटक, भावगीत, सगळंच करणारी मराठीत कुणी झाली का? झाली, ज्योत्स्ना भोळे

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अठरा वर्षांची आहे, आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय, कॉलेजच्या एकांकिकांत काम करते, मित्रांच्या बँडमध्येही गाते. गुरुजी म्हणतात, ‘एक काहीतरी धर, नाहीतर कशातच राहणार नाहीस.’ तर मराठीत असं सगळं करून मोठी झालेली कुणी गायिका-अभिनेत्री आहे का, आणि तिनं ते कसं जमवलं?

मी गिरगावात सव्वीस वर्षं गाण्याचे वर्ग घेते. हा प्रश्न दर वर्षी एखादी आई जिन्यात थांबवून विचारतेच. माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्योत्स्ना भोळे. आजच्या मुलांना हे नाव ऐकून माहीत असतं, आवाज मात्र ऐकलेला नसतो. पुण्याच्या हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह ठाऊक असतं, तिथे प्रयोगही केलेले असतात, पण या बाई कोण हे विचारलं की गप्प. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळच्या त्या दुर्गा केळेकर. 1914 साली गोव्यात, बांदिवड्याला जन्म. लहानपणीच मुंबईत आल्या. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर स्वतः गाणारी, त्यामुळे घरात सूर होताच. मुंबईत आग्रा घराण्याच्या उस्तादांची तालीम मिळाली. आग्रा घराणं म्हणजे लयीशी खेळ, बोलांची फेक, खुला दमदार आवाज. ही पायाभरणी लक्षात ठेवा, तुमच्या गुरुजींच्या म्हणण्याकडे मी नंतर येणार आहे. 1932 साली त्यांचं लग्न केशवराव भोळ्यांशी झालं. केशवराव डॉक्टरकी शिकायला मुंबईत आले आणि गाण्यात रमले. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या नावांनी त्यांनी गायकांवर जे लिहिलं ते आजही माझ्या उशाशी असतं. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ अशा चित्रपटांचं संगीत त्यांचंच.

आता 1933. त्या सालची मुंबई डोळ्यांपुढे आणा. दोन वर्षांपूर्वी गिरगावातल्याच मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला होता आणि बोलपटानं नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडायला सुरुवात केली होती. तोवरचं संगीत नाटक म्हणजे पदांचा महापूर. ‘सौभद्र’मध्येच शंभरावर पदं. नायक बोलता बोलता गायला लागला की गोष्ट जागच्या जागी उभी राही, वन्समोअरवर वन्समोअर पडत, रात्र सरून पहाट होई. आणि नायिका बहुतेक ठिकाणी पुरुषच. बालगंधर्वांनी ती कला ज्या उंचीवर नेली तिच्यापुढे मी हात जोडूनच बोलते. पण काळ बदलत होता. हिराबाई बडोदेकरांनी स्त्री-भूमिका स्त्रियांकडे देऊन आपल्या नाटक मंडळीत आधीच वाट पाडली होती.

अशा वेळी मुंबईतल्या काही शिकल्यासवरल्या मंडळींनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था काढली. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, अनंत काणेकर आणि केशवराव भोळे ही त्यातली माणसं. त्यांचं पहिलं नाटक ‘आंधळ्यांची शाळा’, मूळ ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या कृतीवरून वर्तकांनी केलेलं. 1933 च्या जुलैत ते रंगभूमीवर आलं. रंगवलेले पडदे गेले, खरी वाटणारी खोली आली. स्वगतं गेली. पदं उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही जिथे घरात एखादी मुलगी खरंच गुणगुणेल अशा जागी. आणि बिंबाच्या भूमिकेत एकोणीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली ज्योत्स्ना भोळे.

‘एकलेपणाची आग लागली हृदया’ हे त्यातलं त्यांचं गाणं. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो तो तानेनं येत नाही. आग्र्याची तालीम घेतलेल्या मुलीनं तिथे ताना मारल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं, उलट टाळ्याच पडल्या असत्या. पण ती बिंबा राहिली. गाता येतंय ते सगळं त्या जागी न गाणं ही माझ्या मते फार कठीण गोष्ट आहे. नटीनं गवयाला थांबवलं, आणि गवयानं नटीच्या आवाजाला स्थैर्य दिलं. तुम्ही ज्याला दोन वेगळी क्षेत्रं म्हणता ती एकाच गळ्यात एकमेकांना सांभाळून घेतात ती अशी.

त्याच सुमारास भावगीत नावाची नवी चीज मराठीत बाळसं धरत होती. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांची, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तीन मिनिटांत ख्याल, म्हणजे रागाची सविस्तर मांडणी, करता येत नाही, पण एक कविता नीट सांगता येते. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सक्ती उरली नव्हती. जवळच्या माणसाशी बोलावं तसं गाता येऊ लागलं. केशवरावांनी चाली बांधायच्या आणि ज्योत्स्नाबाईंनी गायच्या, असं पुष्कळ काम झालं. अनंत काणेकरांची ‘आला खुशीत समिंदर’ त्यातलीच.

हे गाणं मी वर्गात दर वर्षी घेते. कसं घेते ते सांगते, म्हणजे ‘मिसळण’ म्हणजे काय हे कळेल. पहिल्या दिवशी पेटी बंद. शब्द फक्त वाचायचे. ‘समुद्र’ म्हणायचं नाही, ‘समिंदर’. यात होडी आहे, वारं आहे, सजणीला हाक आहे, म्हणजे बाज कोळ्याचा. लिहिणारा मात्र शहरातला वकिली शिकलेला कवी, आणि चाल बांधणारा रागसंगीताचा जाणकार. गेल्या वर्षी वर्गात वरळी कोळीवाड्यातली एक मुलगी होती. इतरजणी ‘समिंदर’ हा शब्द पाहुण्यासारखा उच्चारत होत्या, ‘मिं’वर थबकत होत्या. हिनं तो घरातला शब्द म्हणावा तसा सहज टाकला, ‘समिं’ चटकन आणि ‘दर’ लाटेसारखा पुढे सोडून दिला. सगळ्या वर्गाला एकदम कळलं की ठेका तबल्यात नव्हताच, शब्दातच होता. मग ज्योत्स्नाबाईंची तबकडी ऐकवली. त्यांनी नेमकं तेच केलंय! लोकगीताचा ढंग घेतलाय पण कोळीण असल्याचं सोंग आणलेलं नाही, आणि रागदारीची तयारी आहे पण ती मिरवलेली नाही. त्या दिवशी माझ्या मुलींनी ते गाणं सतरा वेळा ऐकलं असेल.

1941 साली मो. ग. रांगणेकरांची ‘नाट्यनिकेतन’ ही नाटक संस्था उभी राहिली आणि 1942 मध्ये ‘कुलवधू’ आलं. संगीत मास्टर कृष्णरावांचं. भानुमतीची भूमिका ज्योत्स्नाबाईंची. ही भानुमती सिनेमात काम करणारी, स्वतः कमावणारी बाई, आणि शेवटी नवऱ्याचं घर सोडून बाहेर पडणारी. 1942 साली! माझी आजी तेव्हा नव्यानं लग्न होऊन गिरगावात आली होती. तिनं ‘कुलवधू’ जावेबरोबर पाहिलं आणि घरी मात्र कीर्तनाला गेलो होतो असं सांगितलं. ही गोष्ट तिनं मला तिच्या सत्तराव्या वर्षी, भाजी निवडताना सांगितली. भानुमती उंबरठा ओलांडते त्या प्रसंगाबद्दल आजी फार बोलत नसे, देठ खुडत राही. पण ‘बोला अमृत बोला’ कुठेही लागलं की हातातलं काम ठेवून बसायची.

हे पद भैरवीतलं. भैरवी म्हटलं की आपल्याला मैफलीचा शेवट आठवतो, निरोप आठवतो. इथे तीच भैरवी शुभप्रसंगी गोड बोला असं सांगायला आली आहे. आमच्या चाळीत कित्येक लग्नांत ते गायलं गेलंय. ज्योत्स्नाबाईंच्या तोंडी ‘बोला’ हा शब्द दर खेपेला किंचित वेगळा पडतो, कधी विनवणी, कधी लाड. इतकं साधं वाटतं की कुणालाही वाटावं, आपल्यालाही येईल. गायला बसा, म्हणजे कळतं. त्याच नाटकातली ‘क्षण आला भाग्याचा’ आणि ‘मनरमणा मधुसूदना’ ही पदंही लेकीला ऐकवा.

पुढचं झरझर सांगते. ‘भूमिकन्या सीता’मधलं ‘मानसी राजहंस पोहतो’ त्यांचं. राजा बढ्यांचं ‘माझिया माहेरा जा’ हे भावगीत त्यांचं, आणि त्याची चाल कुणाची ठाऊक आहे? पु. ल. देशपांड्यांची. ‘आराधना’ नावाचं नाटक त्यांनी स्वतः लिहिलं. ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’ हे आत्मकथन लिहिलं, ते मिळालं तर मुलीला जरूर द्या. 1976 साली अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. गायनासाठी नाही, अभिनयासाठी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 5 ऑगस्ट 2001 रोजी त्या गेल्या.

आता तुमच्या गुरुजींबद्दल. मला त्यांचा राग येत नाही, आणि तुम्हीही धरू नका. शाळेत असताना एका आंतरशालेय स्पर्धेत मी नाट्यपद गायले होते. परीक्षकांनी सगळ्यांदेखत सांगितलं की हिला ना धड ख्याल येतो ना धड सुगम, हिचं सगळं अर्धवट. तेरा वर्षांची होते. दोन वर्षं मी गाणं बंद केलं होतं. ते शब्द बोचले कारण त्यात तथ्य होतं: माझी तालीम तेव्हा खरंच कच्ची होती. पण उपाय त्यांनी चुकीचा सुचवला. एक सोड आणि दुसरं धर, असं ते म्हणाले. पाया पक्का कर, असं म्हणायला हवं होतं. ज्योत्स्नाबाईंनी तीन-चार दालनांत पाय ठेवले ते तालमीचा आधार घेऊन. तुमच्या मुलीची आठ वर्षं झाली आहेत म्हणता. मग रियाज मोडू देऊ नका, सकाळचा एक तास कशासाठीही हलवायचा नाही. तेवढं सांभाळलं तर बँडमध्ये गाऊ द्या, एकांकिका करू द्या.

फक्त एक खोड लागू देऊ नका. बँडच्या गाण्यात मध्येच सरगम घुसडायची, टाळ्या घ्यायच्या आणि त्याला फ्यूजन म्हणायचं. मुंबईत दर आठवड्याला कुठे ना कुठे हे ऐकू येतं आणि मला वाईट वाटतं, कारण मुलं गुणी असतात. तिथे दोन संगीतं शेजारी शेजारी उभी असतात, एकमेकांशी बोलत नाहीत. ‘समिंदर’मध्ये कोळ्याचा ठेका, कवीची ओळ आणि रागाचा सूर निरनिराळे काढून दाखवा म्हटलं तर मला ते दाखवता येणार नाहीत.

नाटकाचंही तसंच आहे. ती एकांकिकेत काम करते तेव्हा वाक्याचा शेवट पाडते की उचलते, श्वास कुठे घेते, हे तिला दिग्दर्शक सांगत असेल. तेच गाण्यात वापरायला सांगा. बहुतेक शास्त्रीयवाली मुलं सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायच्या घाईत शब्द मध्येच तोडून श्वास घेतात. नाटक केलेली मुलगी ते करणार नाही, तिला ओळीचा अर्थ तुटलेला सहन होणार नाही.

ऐकायचा क्रम माझ्याकडून घ्या: आधी ‘माझिया माहेरा जा’, मग ‘आला खुशीत समिंदर’, मग ‘बोला अमृत बोला’, आणि सगळ्यात शेवटी ‘एकलेपणाची आग’. ही ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज सापडतात. जुन्या तबकडीची खरखर असेल, तिकडे दुर्लक्ष करायची सवय दोन दिवसांत होते. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून ऐकू द्या, कारण शब्दाच्या शेवटी आवाज कसा हलकेच सोडला आहे ते स्पीकरवर हरवतं.

त्यातलं एक तिला निवडू द्या आणि आठवडाभर तेच गाऊ द्या. पहिल्या दिवशी पेटी उघडायची नाही, तानपुऱ्याचं ॲपही लावायचं नाही. खिडकीशी बसून फक्त शब्द वाचायचे, मोठ्यानं, तुम्हाला ऐकू जातील असे.