लाल म्हणजे धोकाच का?

प्रश्न : पत्रकारितेच्या वर्गात एका मिसळ हॉटेलच्या फ्लेक्सचं चिन्हमीमांसेनुसार (चिन्हांना अर्थ कसा मिळतो, याचा अभ्यास) विश्लेषण करायचं होतं. लाल पार्श्वभूमीवर कट ओतलेली वाफाळती मिसळ, शेजारी स्लाइस ब्रेड, फेटा बांधलेला मिशाळ माणूस आणि खाली 'अस्सल कोल्हापुरी'. 'लाल म्हणजे धोका, फेटा म्हणजे मान' लिहिलं, तर निम्मे गुण गेले. चुकलं काय?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शब्दकोशातून काढावा तसा तुम्ही अर्थ काढलात. चिन्हाला अर्थ मिळतो तो इतर चिन्हांपासून असलेल्या फरकातून. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या १९१६ मध्ये छापल्या गेलेल्या व्याख्यानांचं हेच सार. गॅसच्या टँकरवरचा लाल धोका सांगेल. मिसळीमागचा लाल तिखटच सांगणार.

आधी दिसतं तेवढंच लिहा, विशेषण न लावता. 'झणझणीत' लिहिलंत की अर्थ आधीच घुसला. मग एकेक गोष्ट बदलून बघा. एका वेळी एकच, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. पार्श्वभूमी पांढरी केली तरी तिखटपणा फारसा हलत नाही, तो कटानं धरून ठेवलाय. अक्षरं झाका, तोच माणूस लग्नातला वऱ्हाडी होईल, नाहीतर तालमीतला वस्ताद. चित्राच्या अनेक अर्थांपैकी एकावर मजकूर नांगर टाकतो, असं फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ म्हणतो.

वाफेला 'प्रतीक' म्हणू नका. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सच्या चिन्हांच्या वर्गवारीत ती निर्देशक, कारण उष्णतेशी तिचं कार्यकारण नातं आहे.

आता फेटा. बार्थनं १९६४ मध्ये पान्झानी पास्त्याच्या फ्रेंच जाहिरातीवर लिहिलं. टोमॅटो, ढोबळी मिरची, इटलीच्या झेंड्याची आठवण देणारे रंग, आणि या सगळ्यातून उभा राहिलेला 'इटालियनपणा'. गंमत अशी, की तो फ्रेंचांना जाणवतो. खुद्द इटालियन माणसाला तितका नाही. फेट्यातला 'कोल्हापुरीपणा'ही तसाच, बाहेरच्यासाठी. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला माणूस आधी ब्रेड बघेल, कारण इथं मिसळ स्लाइस ब्रेडबरोबर खातात. तिथं लादीपाव असता, तर खाली 'अस्सल' लिहूनही तो फसला नसता.

म्हणून फ्लेक्स कुठं लागला होता, ते उत्तराच्या पहिल्याच ओळीत हवं. पुणे-बंगळूर महामार्गावर असेल तर फेट्यावर परिच्छेद खर्च करा, पेठेत असेल तर ब्रेडवर.