बिझारो वाचायला सुरुवात कुठून करावी? कथासंकलनांपासून

तुम्ही लिहिलंय की काफ्का आवडतो, मुराकामी जवळजवळ सगळा वाचून झाला, मग कुणीतरी बिझारो, म्हणजे अशक्य, विचित्र कल्पनांवर उभ्या कथांचा अमेरिकेतला प्रकार, सुचवला म्हणून कार्लटन मेलिकची एक कादंबरी मागवली आणि तिसाव्या पानावर मिटून ठेवली. "हा प्रकार माझ्यासाठी नाहीच, की मी सुरुवात चुकीच्या जागी केली?" असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: सुरुवात चुकली. बिझारोत कादंबरीने शिरू नये, अनेक लेखकांच्या संकलनाने शिरावं. गेली बरीच वर्षं मी हे वाचतोय आणि ज्यांना ज्यांना वाचायला दिलं त्यांच्यावरूनही माझं हे मत पक्कं झालंय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण संकलनांचं महत्त्व तिच्यातच आहे. अमेरिकेत अशा विचित्र गोष्टी लिहिणारे लोक नव्वदच्या दशकापासून होतेच, पण विखुरलेले. मोठे प्रकाशक त्यांना दारात उभे करत नव्हते. पुस्तकांच्या दुकानात त्यांना ठेवायचं कुठल्या कपाटात, हाही प्रश्न होता. भयकथा म्हणावं तर भीती वाटत नाही, विज्ञानकथा म्हणावं तर विज्ञान नाही, आणि गंभीर साहित्य म्हणावं तर मुखपृष्ठावर राक्षस. मेलिकने 1999 साली इरेझरहेड प्रेस ही छोटी प्रकाशनसंस्था काढली. नाव डेव्हिड लिंच या विचित्र, स्वप्नासारखे सिनेमे करणाऱ्या दिग्दर्शकाच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटावरून घेतलेलं, म्हणजे नातं कुणाशी सांगायचंय ते तिथेच कळतं. पुढे ही संस्था ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडची म्हणून ओळखली जाऊ लागली. 2005 च्या सुमारास इरेझरहेड, रॉ डॉग स्क्रीमिंग प्रेस आणि आफ्टरबर्थ बुक्स या तीन छोट्या प्रकाशकांनी मिळून ठरवलं की आपण सगळे जे छापतोय त्याला एकच नाव देऊ. ते नाव बिझारो. व्हिडिओच्या दुकानात जसा कल्ट, म्हणजे मोजक्या पण कट्टर चाहत्यांच्या सिनेमांचा एक वेगळा कप्पा असतो, तसा कप्पा पुस्तकांच्या दुकानात असावा, अशी त्यांची स्वतःची कल्पना होती.

नाव तर ठरलं, पण वाचकाला ते दाखवणार कसं? त्यासाठी 2006 मध्ये 'द बिझारो स्टार्टर किट' हे संकलन निघालं. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्याला नारिंगी किट म्हणतात. मग 2007 मध्ये निळं, 2010 मध्ये जांभळं आणि 2015 मध्ये लाल. पहिल्या तिन्ही किटांत प्रत्येकी दहा लेखक. कुणाची एक लघुकादंबरी, कुणाच्या चारपाच छोट्या कथा. नारिंगीत तर प्रत्येकाच्या मजकुराआधी त्याची ओळख आहे आणि तो स्वतःच्या बिझारोला काय नाव देतो तेही. दहा जणांनी दहा वेगळी नावं दिलीत. बिझारो ही एकच चव असेल असं आपण धरून चालतो आणि पहिला घास आवडला नाही की ताट सारतो. तुमचंही तेच झालं असावं.

माझ्याकडे नारिंगी किट आलं ते भाच्याकरवी, तो अमेरिकेतून सुट्टीला येत होता तेव्हा. पहिली रात्र निराशेचीच गेली. एक लेखक फार आरडाओरडा करणारा वाटला, दुसऱ्याचं काही कळेचना. कादंबरी असती तर तिथेच थांबलो असतो. संकलन होतं म्हणून पानं उलटून पुढच्या लेखकावर गेलो आणि जेरेमी रॉबर्ट जॉन्सनच्या 'एक्स्टिंक्शन जर्नल्स'पाशी पोचलो. पहिल्याच वाक्यात झुरळं राष्ट्राध्यक्षाला खातायत आणि त्यांना त्यासाठी कित्येक तास लागतायत. अणुयुद्ध झालंय. झुरळं अणुस्फोटातही तगतात असं लोक म्हणतात ना, ते एका माणसाने अक्षरशः मनावर घेतलंय आणि जिवंत झुरळांचा सूट शिवून अंगात घातलाय. तो जगलाय, पण आता अंगावरच्या सुटाला भूक लागते.

हे वाचताना मला पहिल्यांदा उमगलं की हे वाचायचं कसं. आपल्याला शाळेपासून सवय लावलेली असते की विचित्र काही दिसलं की त्याचा अर्थ शोधायचा. आपली परंपराही तशीच आहे. मुक्ताबाईच्या अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते, माशी व्यायली की घार जन्मते. प्रतिमा म्हणून बघाल तर कुठल्याही बिझारो कथेच्या तोडीस तोड. पण ते कूट आहे. आत किल्ली ठेवलेली आहे, ती सापडली की मुंगी मुंगी राहत नाही. बिझारोत मुंगी मुंगीच असते. तिने सूर्य गिळला तर पुढचे प्रश्न असे: आता अंधार किती दिवस, मुंगीच्या पोटात किती गरम होतंय, आणि तिच्या वारुळातल्या बाकीच्यांचं काय? झुरळांचा सूट कशाचं प्रतीक आहे हे विचारत बसलात की कथा हातातून निसटते. सूट चावतो का, झोपताना काढता येतो का, तो कुणाचं ऐकतो, असं विचारा, मग ती तुम्हाला ओढत नेते. गृहीतक एकच, तेही अशक्य. त्यानंतर मात्र सगळं कडक तर्काने. उत्तम बिझारो लेखक या तर्काच्या बाबतीत हिशेबनिसासारखे काटेकोर असतात.

काफ्का आवडतो म्हणालात, तर हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. 'मेटामॉर्फसिस'मधला ग्रेगोर किडा झाल्यावर त्याची पहिली चिंता काय असते? गाडी चुकली, साहेब काय म्हणेल. तीच रीत इथे आहे, फक्त अंगात कपडे भडक आणि घरात दूरदर्शन, कॉमिक्स, स्वस्त भयपट यांचा पसारा.

ही वाचायची सवय लघुकथेतच लागते. तीनशे पानं अशक्य गृहीतक सांभाळणं लेखकालाही जड जातं आणि नव्या वाचकाला तर जातंच. म्हणूनच बिझारोतल्या कित्येक तथाकथित कादंबऱ्या शंभर-सव्वाशे पानांच्या आहेत. छोट्या प्रकाशकाला जाड पुस्तक परवडत नाही हे कारण असेलच, पण कल्पनेचा दमही तेवढाच असतो असं मला वाटतं. दहा पानांची कथा एकदा जमली नाही तर दहा पानंच गेली. शिवाय एका बैठकीत तीन वेगळी जगं, तीन वेगळे नियम. असं चार रात्री केलं की नियम ओळखायला दोन परिच्छेद पुरतात.

नारिंगी किटमध्ये तुमच्यासाठी आणखी दोघं. जिना रॅनली यांच्या 'सुइसाइड गर्ल्स इन द आफ्टरलाइफ'मध्ये जीव दिलेली एक मुलगी मृत्यूनंतर एका हॉटेलात पोचते, कारण पुढे जायच्या जागांची डागडुजी चालू आहे आणि तोवर सगळ्यांनी तिथेच राहायचंय. विषय जड आहे, तरी हाताळणी कमालीची मायाळू. हे वाचल्यावर बिझारो म्हणजे नुसता रक्तपात हा समज जातो. (आत्महत्येचा विषय सध्या जवळचा असेल तर मात्र ती आत्ता बाजूला ठेवा.) दुसरा डी. हार्लन विल्सन. ओहायोत इंग्रजीचा प्राध्यापक आहे आणि दोन-तीन पानांच्या कथा लिहितो. त्यांत माणसं अगदी साधं काही करायला निघतात आणि भोवतालचं जग त्यांना ते करू देत नाही. काफ्काच्या वाचकाला हा बहुतेक पहिल्या भेटीतच आपला वाटतो.

निळं किट मला एवढं भावलं नाही. जांभळं घ्याच, कारण त्यात रसेल एडसन आहे. हा मुळात गद्यकवितांचा माणूस, बिझारो हे नाव निघण्याच्या कितीतरी आधीपासून लिहिणारा. एका पानात घर, जेवणाचं टेबल, नवराबायकोचं भांडण आणि त्यात एक माकड. तरुण लेखकांनी त्याला आपल्या संकलनात मानाने बसवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपले पूर्वज कोण हे त्यांना माहीत होतं.

किटांच्या पलीकडे जायचं तर 2012 मधलं 'द बेस्ट बिझारो फिक्शन ऑफ द डिकेड' हे माझं सर्वांत आवडतं. संपादक कॅमेरॉन पियर्स. त्याने कुंपण ओलांडलं. स्टीफन ग्रॅहम जोन्स, अलिसा नटिंग, जो लॅन्सडेल अशा, बिझारोच्या घरातच न वाढलेल्या लेखकांच्या कथाही त्याने आत घेतल्या. ते संकलन वाचून लक्षात येतं की बिझारो ही जितकी एका गटाची ओळख आहे तितकीच ती वाचायची एक रीत आहे. याच पियर्सने 2013 मध्ये लिंचच्या सिनेमांवरून सुचलेल्या कथांचं संकलनही केलं. लिंच पाहिला असेल तर घ्या, नाहीतर थांबा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या सगळ्या संकलनांत हिंसा आहे, लैंगिक मजकूर आहे, आणि काही शीर्षकं मी इथे लिहिणार नाही. त्यातलं काही मला निखालस वाईट वाटतं: धक्का देण्यापलीकडे त्यात काही नसतं, आणि बायकांच्या शरीराची विटंबना म्हणजेच धाडस असं समजणारे लेखक तिथेही आहेत. अशी कथा पूर्ण करण्याचं बंधन तुमच्यावर नाही. दोन पानांत गृहीतकातून काही उगवताना दिसलं नाही तर पुढच्या लेखकावर जा. संकलन असल्यामुळेच ही मोकळीक मिळते.

मराठीत असं काही आहे का, हेही तुम्ही विचारलंय. बिझारो या नावाखाली नाही. पण विलास सारंग वाचा. त्यांचा 'सोलेदाद' हा कथासंग्रह 1975 चा, म्हणजे पोर्टलंडच्या मंडळींनी बिझारो हे नाव ठरवण्याच्या तीस वर्षं आधीचा. मुलाखतीच्या रूपात लिहिलेली त्यांची एक कथा आहे. त्यात एका बेटावरच्या सगळ्या बायका अर्ध्याच शरीराच्या आहेत, कुणी कमरेच्या वरची तर कुणी खालची, आणि तिथे राहिलेला माणूस त्या संसाराची हकीकत अगदी सपाट आवाजात सांगतो. एक गृहीतक आणि मग न डगमगता त्याचे परिणाम. बायकांच्या शरीराबद्दल मी वर जे म्हटलं ते याही कथेला विचारून बघा; माझ्या मते ती त्या प्रश्नापुढे टिकते, कारण तिथे अर्धवट ठरतो तो सांगणारा पुरुष. बिझारोची दोन किटं वाचून मी सारंगांकडे परत गेलो तेव्हा ज्या कथा पूर्वी दुर्बोध वाटल्या होत्या त्या सरळ उलगडल्या. पूर्वी मी त्यांत किल्ली शोधत होतो.

तेव्हा क्रम असा धरा. नारिंगी किटमधून विल्सनच्या कथा, मग रॅनली, मग जॉन्सन. जॉन्सन आवडला तर त्याचा स्वतःचा संग्रह 'एंजल डस्ट अपॉकलिप्स' घ्या. झुरळांच्या सुटाची मूळ छोटी कथा त्यातच आहे. त्यानंतर पियर्सचं दशकाचं संकलन. मध्ये कधीतरी सारंग. पुढची नावं हवी असतील तर वंडरलँड पुरस्काराकडे बघा. बिझारो पुस्तकांसाठीचा हा पुरस्कार ओरेगनमधल्या त्यांच्या बिझारोकॉन नावाच्या संमेलनात दिला गेलाय, आणि कथासंग्रहांसाठी त्यात वेगळा विभाग आहे.

ती मिटून ठेवलेली मेलिकची कादंबरी मात्र कुणाला देऊन टाकू नका. नारिंगी किटच्या दहांमध्ये तोही आहे, त्याची लघुकादंबरी सर्वांत शेवटी वाचा. आणि ती वाचून झाल्यावर तुमच्या कादंबरीचं एकतिसावं पान उघडा. पहिल्या तीस पानांत त्याने कुठला नियम घालून दिला होता तेवढं आठवा, आणि पुढे काय वाटलं ते मला नक्की कळवा.