सर्कशी पूर्वी एकेका घराण्याच्या का असायच्या, आणि आता तशा का दिसत नाहीत?

छत्र्यांची, देवलांची, कार्लेकरांची, अशी सर्कस आडनावानेच का ओळखली जायची असं तुम्ही विचारलंय. आमच्या गोव्यात हे समजायला सोपं आहे कारण जत्रेत दशावतार बघायला जाताना आम्ही अजून मोचेमाडकर (दशावताराची एक मंडळी) आलेत का असंच विचारतो, नाटकाचं नाव नंतर.

मुख्य कारण पैसा. प्रत्येक कामाला वेगळा पगारी माणूस ठेवला तर सर्कस परवडतच नाही, घरचा माणूस मात्र सकाळी वैरण टाकतो, दुपारी तिकीट फाडतो आणि रात्री झुल्यावर. म्हापशाला सर्कस आली होती तेव्हा तिकीट खिडकीवरच्या काकांचे तळवे मी बघितले, नुसते घट्टे, नखांत पांढरी पावडर. तासाभराने तेच उलटे लटकून दोन मुलींना झेलत होते आणि बाहेर पॉपकॉर्न विकणारी बाई जाळीच्या कडेला उभी राहून वर बघत होती, मुली त्यांच्याच. असा झेल घ्यायला भरवशाचाच माणूस लागतो ना.

आपल्याकडची सुरुवात सांगलीकडच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांची. माणूस घोड्यांचा जाणकार. १८७९ ला मुंबईत किआरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस बघितली (तोही जुन्या कलावंत घराण्यातलाच) आणि २० मार्च १८८० ला स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. घोड्यांची कामं स्वतः, झुल्यावर बायको. त्या काळात घरची बाई एवढ्या परक्या लोकांसमोर झुल्यावर चढते म्हणजे माझ्या मते खरं धाडस तिचंच, कौतुक मात्र सगळं पंतांचं होतं.

पण एक फरक लक्षात घ्या. युरोपात स्वित्झर्लंडच्या क्नी घराण्यासारखे लोक १८०३ पासून पिढ्यानपिढ्या मालकही आणि कलाकारही. आपल्याकडे छत्रे फिरत फिरत केरळात थलश्शेरीला गेले, तिथे कीलेरी कुन्हीकण्णन हे कळरीचे, म्हणजे तिकडच्या युद्धकलेचे, गुरू भेटले, त्यांनी पोरं तयार करायला घेतली, १९०१ ला तर सर्कशीची शाळाच काढली. तिथून पुढे बरेच कलाकार मलबारचे यायला लागले, म्हणजे आपल्याकडे घराणं राहिलं ते जास्त करून मालकीपुरतं. अपवाद आहेतच, पुण्याचे दामू धोत्रे मामाच्या सर्कशीत लहानाचे मोठे झाले आणि थेट अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीत वाघ-बिबळे खेळवायला गेले. ती रिंगलिंगसुद्धा भावाभावांनीच १८८४ ला काढलेली.

आता का दिसत नाहीत तर टीव्हीला सगळे शिव्या देतात, मला ते अर्धंच खरं वाटतं. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने सर्कशीतून वाघ, सिंह, बिबळे, अस्वलं, माकडं गेली, २००१ ला सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. २०११ ला कोर्टाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवायचं बंद केलं. दोन्ही योग्यच झालं, मुलांचे हाल कमी नव्हते, पण कोवळ्या वयात अंग वळवायला शिकायचं आणि शिकता शिकता रिंगणात उतरायचं ही जी घरची शाळा होती ती त्यातच संपली. वर मोकळी मैदानं कुठे राहिलीत, आणि आमच्याकडे तर जूनपासून पाऊस, तंबू ठोकणार कुठे.

तरी एखाद-दुसरं घर टिकून आहे. रॅम्बो सर्कस वडिलांनंतर मुलगा चालवतो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तंबू बंद पडला तर त्यांनी खेळ शूट करून ऑनलाइन तिकिटं विकली.