अकराव्या मिनिटाला थांबलीस ते बरं झालं

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. घरी करायच्या व्यायामाचा तीस मिनिटांचा व्हिडिओ आणि अकराव्या मिनिटाला तू चटईवर आडवी. वर 'सर, माझ्यात दमच नाही' ही तक्रार. तू पाठवलेला व्हिडिओ मी खुर्चीत बसून, चहा पीत पाहिला. तूही आधी तसाच पाहायचास. पुढे काय येणार हे ठाऊक नसलं की सारखी मान वळवून मोबाइल बघावा लागतो. पुशअप करताना तेच केलंस ना? मान आखडली ती त्यानेच.

चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती असा त्यातला हिशेब. त्या वीस सेकंदांत ती बाई पुढचा प्रकार समजावते, घोटभर पाणी पिते, वर हसतेही. तिचा तो रोजचा धंदा आहे. तू खुशाल पॉज दाब आणि दोन फेऱ्यांमध्ये मिनिट-दीड मिनिट बस. स्नायू पुन्हा जोर लावायला तयार होतो तो त्याच वेळात. धापा टाकल्या म्हणजे ताकद आली असं नव्हे. हे व्हिडिओवाले दोन्ही एकाच पातेल्यात शिजवतात.

आता प्रकार. बैठक मारताना तुझ्या टाचा उचलल्या जात असणार, शाळेतही जायच्या. पलंगाच्या कडेशी पाठ करून उभी राहा, कंबर मागे नेत हळूच टेक आणि उठ. पुशअप जमिनीवर नकोच इतक्यात. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून कर. बारा सहज जमले की पलंगाच्या कडेवर ये, मग जमिनीवर. उठताना, ढकलताना श्वास सोड, कोंडून धरू नकोस. आणखी दोन निघाले असते असं वाटतं तिथेच थांबायचं.

त्या व्हिडिओत ओढण्याचा एकही प्रकार नाही, हे मला खटकलं. दिवसभर लॅपटॉपवर वाकणाऱ्या माणसाला पाठीचं काम आधी हवं. ऑफिसच्या सॅकमध्ये लिटरच्या पाच बाटल्या भर, झालं पाच किलोचं वजन. एक हात पलंगावर टेक, पाठ सरळ ठेव आणि दुसऱ्या हाताने सॅक कमरेकडे ओढ. दाराला ओढणी बांधून लटकायचे उद्योग मात्र करू नकोस, घर भाड्याचं आहे.

सोळाव्या वर्षी मी तालमीत गेलो तेव्हा वस्तादांनी पंचवीस बैठका सांगितल्या होत्या. शेजारच्या पोराच्या ईर्ष्येने मी दोनशे मारल्या. तिसऱ्या दिवशी चाळीचा जिना कठडा धरून, उलट्या तोंडाने उतरलो. वस्ताद एवढंच म्हणाले, "सगळ्या आजच मारल्यास, उद्या काय मारणार?" अंग दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच टोकाला जातं, 24 ते 72 तासांत. ते चालतं. सांध्यात कळ आली तर त्याच क्षणी थांब. आणि अतिश्रमानंतर स्नायू सुजून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थेट डॉक्टरकडे. स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येतो, तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

रोज करायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान 2 दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, सगळ्या मोठ्या स्नायूंचा. सोमवार आणि गुरुवार धर. पहिले काही आठवडे आरशात काही दिसणार नाही. तेव्हा मज्जासंस्था स्नायूंना कामाला लावायला शिकत असते, म्हणून बैठका-पुशअपचे आकडे आधी वाढतात. ते वहीत लिही.

रोजच्या जेवणात वजनाच्या दर किलोला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं हा आपल्याकडचा शिफारशीचा आकडा. तुझ्या 55 किलोंना 46 ग्रॅमच्या आसपास. रात्री नुसत्या नूडल्सवर ते होत नाही. उसळ, दही, अंडी, काहीतरी ताटात येऊ दे.

गुरुवारी ओट्यावर किती पुशअप झाले ते कळव. आणि बैठकीचा व्हिडिओ बाजूने काढ, टाचा दिसल्या पाहिजेत.

तुझे,
सर

ता. क. उड्यांचे प्रकार सगळे गाळ. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एव्हाना दोनदा छताकडे बघितलं असेल.