व्हॉट्सॲप असताना जिओ, एअरटेल, व्हीआय यांना आरसीएस बिझनेस मेसेजिंगमधून खरंच पैसे मिळतील का?

मी पुण्यात एका छोट्या मेसेजिंग ॲग्रीगेटरकडे बरीच वर्षं काम करतोय. म्हणजे बँका, पतसंस्था, क्लासेस, सराफ यांचे मेसेज आम्ही घेतो, ऑपरेटरकडे ढकलतो आणि मधल्या एक-दोन पैशांवर आमचं दुकान चालतं. त्यामुळे उत्तर आतल्या बाजूचं आहे, थोडं कडवट वाटलं तर समजून घ्या.

आरसीएस म्हणजे फोनच्या नेहमीच्या मेसेज ॲपमध्ये इंटरनेटवरून येणारे लोगो-बटणांचे मेसेज. थोडक्यात सांगायचं तर पैसे मिळतील, पण जास्त मेसेज पाठवून नाही मिळणार. "हा मेसेज खरंच त्याच बँकेचा आहे" ही हमी आजघडीला ग्राहकाला कुणीच नीट देत नाही, आणि ती द्यायची सोय सगळ्यात आधी ऑपरेटरकडेच होती. ती विकली तर पैसा आहे. नुसता पाइप, म्हणजे मेसेज वाहून न्यायची सोय, विकत बसले तर तो पैसा व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडे, मेटाकडे, जातोय आणि जातच राहणार.

आधी पैसा येतो कुठून ते बघा. तुम्ही-आम्ही एकमेकांना पाठवायचे एसएमएस कधीच संपले, आता इनबॉक्समध्ये जे येतं ते सगळं धंद्याचं, ओटीपी, हप्ता, डिलिव्हरी, सेल. देशातल्या देशात एका एसएमएसला कंपनी साधारण अकरा-बारा पैसे मोजते, त्यात ऑपरेटर, आम्ही आणि मधले दोन-तीन जण. पण परदेशी कंपनीचा ओटीपी असेल, सर्व्हर बाहेर असेल, तर तोच एसएमएस चार रुपयांच्या वर जातो. टॉवर तोच, फोन तोच, १६० अक्षरं तीच! खरी मलई या इंटरनॅशनल ट्रॅफिकमध्ये होती आणि नेमकी तीच आधी निसटली, कारण मोठ्या परदेशी कंपन्यांनी गणित मांडलं आणि ओटीपी व्हॉट्सॲपवर न्यायला सुरुवात केली. मग ऑपरेटर लोक सरकारकडे तक्रार घेऊन गेले की हा बायपास आहे, आम्हाला टाळून ओटीपी जातायत म्हणून. अरे पण भाव एवढा ठेवल्यावर माणूस दुसरी वाट शोधणारच की.

आता मराठीची एक गोष्ट सांगतो, ही पुण्या-मुंबईच्या मोठ्या ऑफिसांत बसून कळत नाही. सांगली जिल्ह्यातली एक पतसंस्था आमची जुनी क्लायंट आहे. तिथले सेक्रेटरी, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो, त्यांचा हट्ट की मेसेज मराठीतच जाणार, सभासद शेतकरी आहेत, इंग्रजी मेसेज आला की नातवाला शोधत बसतात. बरोबरच आहे त्यांचं. त्यांनी मजकूर दिला: "आपल्या कर्जाचा हप्ता १० तारखेपर्यंत भरावा, अन्यथा दंड आकारला जाईल." दिसायला एवढुसा. पण इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात आणि देवनागरीला फक्त ७०, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला दुपटीहून जास्त जागा लागते. शिवाय मोजणी आपल्यासारखी होत नाही. काना वेगळा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. "श्री" हे आपल्याला एक अक्षर, मशीनला चार. "हप्ता" म्हणजे पाच. अण्णांचा तो मजकूर मोजला तर ६६ भरला, आणि अजून पतसंस्थेचं नाव घातलंच नव्हतं, शाखा नव्हती, फोन नंबर नव्हता. ते घातलं की ७० पार, आणि ७० पार झालं की मेसेजचे तुकडे पडतात, मग एका तुकड्यात ६७ च मावतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे. अण्णा म्हणाले, "साहेब, मराठी बोलायचा दंड आम्हालाच व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. शेवटी "श्री" काढलं, "आपल्या" काढलं, पूर्णविराम काढला, आणि तीन भागांचा मेसेज दोन भागांत बसवला. अर्धी दुपार गेली त्यात.

आरसीएसमध्ये ही ७० ची कात्री नाही. त्यात मेसेज इंटरनेटवरून जातो, पण फोनच्या नेहमीच्या मेसेज ॲपमध्येच दिसतो, वेगळं ॲप नको. वर पतसंस्थेचा लोगो, नाव, नाव तपासलेलं असल्याची टिक, खाली "हप्ता भरा" आणि "शाखेला फोन करा" अशी बटणं. वाचला की नाही तेही कळतं, एसएमएसचा डिलिव्हरी रिपोर्ट तर आमच्या धंद्यात कुणी फारसा मनावर घेत नाही. कल्पना नवीन अजिबात नाही, २००७-०८ पासून जीएसएमए ही ऑपरेटरांची जागतिक संघटना आणि ऑपरेटर हे घोळवतायत, सगळ्यांचं एक समान प्रोफाइल, म्हणजे मानक, ठरायला २०१६ उजाडलं, त्याआधी २०१५ ला गूगलने आरसीएसवर काम करणारी जाइब ही कंपनी विकत घेतली होती आणि ऑपरेटर झोपलेले असताना अर्धं काम त्यांनीच केलं. ॲपल तर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस १८ बरोबर आलं. एवढ्या वेळात व्हॉट्सॲप आपल्याकडे दूधवाल्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत पोचलं होतं.

सुरक्षित या शब्दाबद्दल मात्र एक खुलासा, सेल्सवाले यात फार गोलमाल करतात. आरसीएसवरचा बिझनेस मेसेज म्हणजे "मधे कुणालाच वाचता येत नाही" असा नसतो. त्याची सुरक्षा पाठवणाऱ्याच्या ओळखीत आहे. लोगो आणि टिक मिळण्याआधी त्या संस्थेची कागदपत्रं तपासली जातात, नाव कुणालाही उचलून लावता येत नाही. फसवणूक होते तीच मुळी "मी बँकेतून बोलतोय" या वाक्यावर, त्यामुळे माझ्या मते लोकांना जास्त गरज याचीच आहे.

ही ओळख तपासायची यंत्रणा ऑपरेटरकडे आधीपासून आहे. ट्राय या टेलिकॉम नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे डीएलटी ही नोंदणीची यंत्रणा आली, प्रत्येक कंपनीने नोंदणी करायची, हेडर म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव घ्यायचं, टेम्पलेट म्हणजे मजकुराचा ठरलेला साचा मंजूर करून घ्यायचा, आणि पाठवलेला मेसेज टेम्पलेटशी जुळला नाही तर वाटेतच अडवायचा, याला आम्ही स्क्रबिंग म्हणतो. ८ मार्च २०२१ ला सोमवारी हे खऱ्या अर्थाने चालू झालं आणि देशभर ओटीपी अडकले, बँकेचे, खरेदीचे, लसीच्या नोंदणीचे सुद्धा. त्या दिवशी माझा फोन सकाळपासून खाली ठेवता आला नाही, एका क्लायंटच्या टेम्पलेटमध्ये एक स्पेस जास्त होती, एवढ्यावर त्यांचे सगळे मेसेज पडले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने सात दिवसांची स्थगिती दिली. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर नसलेल्या लिंकचे मेसेज बंद, मग मेसेज कुणाकुणाच्या हातातून गेला त्याची साखळी नोंदवायची, आणि २०२५ पासून हेडरच्या शेवटी पी, एस, टी, जी अशी अक्षरं, म्हणजे प्रमोशनल, सर्व्हिस, ट्रान्झॅक्शनल, गव्हर्नमेंट.

एवढं सगळं केलं, खर्च केला, आम्हाला पिळलं, आणि ग्राहकाला काय दिसतं? दोन इंग्रजी अक्षरं, एक डॅश, सहा अक्षरांचं काहीतरी, परत डॅश आणि एक अक्षर. माझ्या आईला विचारा त्यातून काय कळतं ते. ऑपरेटरने याकडे कायम ट्रायचा ससेमिरा म्हणून बघितलं, विकायची वस्तू म्हणून कधी बघितलंच नाही. त्याच तपासणीवर लोगो आणि टिक चढवून बँकेला म्हणायचं, की तुमच्या नावाने दुसरं कुणी मेसेज टाकू शकणार नाही, याची वर्षाची फी एवढी. बँक देईल हो. फसवणुकीच्या तक्रारी निस्तरण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

दराचं डोकं कसं चालवायचं ते मेटाकडून शिकावं. २०२५ च्या जुलैपासून व्हॉट्सॲपवर मेसेजगणिक पैसे लागतात, आणि भारतातल्या कंपनीला ओटीपी किंवा पावतीसारख्या कामाच्या मेसेजला अकरा-बारा पैशांच्या घरात, म्हणजे एसएमएसएवढेच, पण मार्केटिंगच्या मेसेजला पाऊण रुपयाच्या वर. सहा-सात पट तरी! वर एका माणसाला किती मार्केटिंग मेसेज जाऊ द्यायचे यावरही मर्यादा. म्हणजे गरजेचं स्वस्त, त्रासाचं महाग. आपल्याकडे एसएमएसमध्ये कर्जाची जाहिरात आणि हॉस्पिटलचा रिपोर्ट जवळपास एकाच भावात जातात, उलट जाहिरातवाल्याचं व्हॉल्यूम मोठं म्हणून त्यालाच सूट देतात. आम्हीही देतो, खोटं कशाला बोलू.

आणि आरसीएसची माती अशीच एकदा होऊन गेलीय. सुरुवातीला आपल्याकडे काय झालं, कर्ज, विमा, रमी यांच्या रंगीत जाहिराती मोठ्या बॅनरसकट लोकांच्या मेसेज ॲपमध्ये येऊन पडायला लागल्या, लोक सेटिंगमध्ये जाऊन आरसीएसच बंद करायला लागले, आणि २०२२ च्या जूनमध्ये गूगललाच भारतापुरत्या या जाहिराती थांबवाव्या लागल्या. मी स्वतः आईच्या फोनमध्ये ते बंद करून दिलं होतं, या धंद्यात असून. एका तिमाहीचा आकडा फुगवायला अख्खा चॅनेल नासवला.

बाहेरही हेच. मस्कने २०२२ च्या शेवटी सांगितलं होतं की खोट्या खात्यांवर ओटीपी मागवून चालणाऱ्या एसएमएस फसवणुकीपायी ट्विटरचे वर्षाला ६ कोटी डॉलर जातायत आणि त्यात काही टेलिकॉम कंपन्यांचाच हात आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून फुकट खात्यांना एसएमएसवरचा ओटीपी बंदच केला. गिऱ्हाईक असं जातं, आणि एकदा गेलं की परत येत नाही.

पुढचा पैसा तर मेसेज न पाठवण्यातही आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात पेमेंटसाठी एसएमएस ओटीपीशिवाय दुसरे मार्ग वापरायला मोकळीक आहे, म्हणजे ओटीपीचं ठरलेलं उत्पन्न हळूहळू आटणार. पण ऑपरेटरला एक गोष्ट कळते जी मेटाला कळत नाही, हे सिम आत्ता याच फोनमध्ये आहे का आणि ते कधी बदललं. सिमकार्ड बदललं की आपल्याकडे २४ तास त्या नंबरचे एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे माहिती आहेच. बँकेच्या सर्व्हरने नुसतं विचारायचं, ऑपरेटरने हो किंवा नाही सांगायचं, ग्राहकाला सहा आकडे टाइप करायला नकोत आणि कुणाला सांगायलाही नकोत. जीएसएमएने २०२३ मध्ये ओपन गेटवे नावाने हे सगळ्यांसाठी एकसारखं करायला घेतलं, आणि नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या एरिक्सनबरोबर हेच विकायला काढलेल्या अडुना कंपनीत जिओ आणि एअरटेल दोघंही भागीदार आहेत. इथे प्रत्येक उत्तराचे पैसे घेता येतात, आणि एसएमएसपेक्षा जास्त.

तुम्ही स्वतः धंद्यासाठी विचारत असाल तर आम्ही सध्या असं करतो, आधी आरसीएस टाकायचा, फोन घेत नसेल तर तोच मजकूर एसएमएसने. अण्णांना हे दाखवलं. लोगो बघून खूश झाले, बटण दोनदा दाबून बघितलं, मग खिशातून स्वतःचा फोन काढून टेबलावर ठेवला, बटणांचा, पाठीला रबर लावलेला. "आमचे निम्मे सभासद यावर हायेत, त्यांचं काय?" त्यांच्यासाठी मराठी एसएमएस चालूच आहे, "श्री" न घालता.